तान्ह्या बाळाचं नाक चोंदलंय, श्वासाचा आवाज येतो. घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

चाकणकर_मानवतचा
नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, बायको बाळंतपणासाठी माहेरी, मानवतजवळच्या खेड्यात. मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेले, साधं बाळंतपण, वजन पावणेतीन किलो. अजून महिन्याची व्हायचीय. या आठवड्यात थंडी वाढली तसा तिच्या नाकातून सुरसुर आवाज यायलाय, रात्री जास्तच. शिंका येतात, पण शेंबूड बाहेर दिसत नाही. पाठीवर हात ठेवला की घरघर हाताला लागते म्हणे. बायको फोन बाळाच्या तोंडाजवळ धरून मला आवाज ऐकवते अन् मग मला इकडं झोप लागत नाही.

सासूबाईंचं म्हणणं कफ दाटलाय. नाकात कोमट खोबरेल सोडायचं, बाजेखाली ओव्याची धुरी द्यायची, अन् मेडिकलवरून सर्दीचं पातळ औषध आणायचं. त्यांनी पाच लेकरं वाढवलीत, मी फोनवरून काय बोलणार? डॉक्टरला दाखवायचं तर तालुक्याला जावं लागतं आणि या थंडीत एवढ्याशा लेकराला मोटारसायकलवर न्यायची भीती वाटते. काय करावं?

गोदाकाठची_लेक
सेम टू सेम! माझा दीड महिन्याचा आहे. रात्री डुकरासारखा घुरघुरतो (माझंच लेकरू आहे, म्हणू शकते). दिवसा एकदम मस्त. वाचतेय.

रातपाळी_सिस्टर
दादा, मी सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात स्टाफ नर्स आहे. डॉक्टर नाही, आणि लेकरू बघितल्याशिवाय कुणीच खात्रीनं सांगू नये. पण काही गोष्टी घरी बघता येतात, त्या सांगते.

पहिलं म्हणजे आवाज ऐकवणं बंद करा. फोनवर आवाज ऐकून मला काय, मोठ्या डॉक्टरांनाही काही ठरवता येत नाही. या वयाची लेकरं जवळजवळ पूर्णपणे नाकानंच श्वास घेतात, तोंडानं घ्यायला नीट शिकलेली नसतात. नाकपुडी इतकी अरुंद की हवेतली धूळ, वाळलेला शेंबूड, उलटून नाकात आलेलं थोडं दूध, यातलं काहीही तिथं अडकलं की आवाज होतो. रात्री घर शांत असतं म्हणून तो मोठा वाटतो. पाठीवर लागणारी घरघर बहुतेक वेळा नाका-घशातलीच असते, ती छातीच्या भिंतीतून हाताला लागते. शिंका आल्या म्हणजे सर्दी झाली असंही नाही. बाळाला नाक शिंकरता येत नाही, ते शिंकूनच साफ करतं.

आता बायकोला सांगा, बाळ शांत झोपलेलं असताना अंगडं वर करायचं आणि छाती-पोट दिसेल असा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा. खोली गार असेल तर कुंची राहू द्या, फक्त पोट उघडं करा. पोट वर जाऊन खाली आलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. या लेकरांचा श्वास एकसारखा चालत नाही, भरभर घेतात, मग थांबतात, मग परत घेतात, त्यामुळं पूर्ण मिनिट मोजावंच लागतं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला तर थोड्या वेळानं परत मोजायचा. परत तितकाच आला तर तो जलद श्वास, मग वाट बघायची नाही.

आणि मला हे सांगा: अंगावर नीट ओढतेय का? मध्येच सोडून रडते का? दिवसभरात लंगोट किती ओले होतात? अंग तापलंय का? बाळ झोपतं त्या खोलीत काय काय आहे?

आजी_सेलूकर
आमच्या काळात कुणी श्वास मोजत नव्हतं बाई. ओवा अन् लसूण तव्यावर भाजून पुरचुंडी छातीला शेकायची, दोन थेंब तेल नाकात, की लेकरू मोकळं. सगळी जगली.

जालन्याचा_मास्तर
आजी, सगळी नाही जगली. आमच्याच घरात माझ्या वडिलांच्या पाठची दोन भावंडं "डबा झाला" म्हणून, म्हणजे न्यूमोनियानं गेली. तेव्हा त्यांना कुणी मोजलं नाही एवढंच.

आजी_सेलूकर
ते खरं आहे. आमच्याही वाड्यात होत होतं. पण पोट उडायला लागलं की आम्ही ओळखायचो, अन् बैलगाडी जुंपायचो.

रातपाळी_सिस्टर
आजी, तुम्ही ते पोट उडणं म्हणता ना, तीच खूण डॉक्टरसुद्धा शोधतात. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग खोल आत ओढला जातो, पोट वर उडतं. सासूबाईंना साठचा आकडा नाही पटला तरी ही खूण त्यांच्या नजरेत असणार. दादा, याचा उपयोग करून घ्या. "आई, तुम्ही बघा बरं पोट उडतंय का" असं विचारलं की त्या तुमच्या बाजूच्या होतील.

तेलाचं मात्र नाही हो आजी. नाकात सोडलेलं तेल थेट पोटातच जाईल असं नाही, तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेत उतरू शकतं. तिथून ते फुफ्फुसात गेलं की शरीराला बाहेर टाकता येत नाही आणि न्यूमोनिया होतो. खोबरेल असो, मोहरीचं असो की साजूक तूप, सगळ्यांना हेच लागू. अंगाला मालिश करा की भरपूर, त्याला कुणाची ना नाही.

चाकणकर_मानवतचा
धन्यवाद सिस्टर. उत्तरं: अंगावर ओढते, पण मध्ये सोडून फुसफुस करते, परत धरते. लंगोट सात-आठ ओले होतात. अंग गरम नाही म्हणतात, हात लावून बघितलंय, थर्मामीटर नाही. पहिल्यांदा मोजलं तर ६६! पण ती नुकतीच रडून झोपली होती. आत्ता गाढ झोपेत बायकोनं मोजलं ४८, मी व्हिडिओवरून मोजलं ४६. छाती आत जाताना मला दिसत नाही, सासूबाईही म्हणाल्या पोट उडत नाही.

खोली: माजघर. बाजूच्या खोलीत यंदाचा कापूस भरलाय छतापर्यंत. भाव वाढायची वाट बघायलेत. मधे दरवाजा नाही, पडदा आहे.

कापूसवाला
मग काय! ज्यानं कापसाच्या ढिगाशेजारी रात्र काढलीय त्याला विचारा. मोठ्या माणसाचं नाक बसतं, अंगाला खाज सुटते. लेकरू तर लेकरूच. भाव यायचा तेव्हा येईल, बाळंतिणीची खोली बदला.

रातपाळी_सिस्टर
४६-४८ छान आहे. रडल्यावर, दूध पिताना किंवा पिऊन झाल्या झाल्या मोजलेला आकडा धरायचा नाही.

कापसाबद्दल भाऊंशी सहमत. हेच कारण असं मी इथून म्हणणार नाही, पण तंतू आणि धूळ एवढ्याशा नाकाला नको. आणि धुरी तर नकोच. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवली की धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि बाळंतीण आणि बाळ दोघांनाही तो घातक. उद, कॉइल, अगरबत्ती, चुलीचा धूर सगळं त्या खोलीबाहेर. ऊब हवी तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा, वरून वाकळ. बाळाला ऊबही मिळते आणि आईला श्वास जाणवत राहतो.

नाकासाठी फक्त सलाईनचे थेंब, म्हणजे मिठाच्या पाण्याचे. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, बाळाला उताणं धरून. बहुतेक वेळा शिंकेनंच सगळं निघून येतं. काठावर आलेलं मऊ कापडाच्या टोकानं टिपा. इअरबड किंवा कापडाची वात आत घालायची नाही. रबरी फुग्यानं ओढायचं असेल तर अगदी हलक्या हातानं आणि कधीतरीच. सारखं ओढलं की आतलं अस्तर सुजतं अन् नाक आणखी बंद.

एक महत्त्वाचं. मेडिकलवर "लहान बाळाचे नाकाचे थेंब" एवढंच म्हटलं तर दुसरंच हातात पडू शकतं, बाटल्या दिसायला सारख्याच असतात. लेबलवर "सोडियम क्लोराईड" लिहिलेलं हवं, ०.६५ किंवा ०.९ टक्के. त्यावर "झायलोमेटाझोलिन" किंवा "ऑक्सिमेटाझोलिन" असेल तर परत करा. ते नाक मोकळं करतं खरं, पण तान्ह्या बाळाला गुंगी येऊ शकते, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. घरी मीठ-पाणी कालवून करू नका, प्रमाण चुकतं अन् पाणी निर्जंतुक नसतं.

लातूरची_सुगरण
आमच्याकडं आईचं दूध नाकात पिळतात. चालतं का?

रातपाळी_सिस्टर
नको ताई. दूध पोटात जाऊ द्या.

औंढ्याची_आशा
मी आशा कार्यकर्ती आहे. चाकणकर दादा, तुमच्या सासुरवाडीच्या आशाताईंचा नंबर घरी असेलच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट द्यायची असते. थर्मामीटर, वजनकाटा आणि श्वास मोजायला घड्याळ, सगळं आमच्या पिशवीत असतं. भेटीचा दिवस नसला तरी बोलवा. हात लावून ताप कळत नाही, त्यातून कुंची, स्वेटर, दोन दुपटी अन् वर गोधडी अशी गुंडाळलेली लेकरं तशीही गरम लागतात.

काखेत ३७.५ सेल्सियस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. अन् उलटंही: ३५.५ च्या खाली गेलं, अंग गार पडलं, तरी तेवढंच गंभीर. थंडीच्या दिवसांत आम्हाला हेच जास्त बघावं लागतं.

मेडिकल_चौकातला
उगाच घाबरवू नका लोकांना. सर्दीचं सिरप आम्ही वर्षानुवर्षं देतो, पाव चमचा दिलं की लेकरू रात्रभर झोपतं.

जालन्याचा_मास्तर
झोपतं हाच तर प्रॉब्लेम आहे साहेब. नाक चोंदलेल्या तान्ह्या बाळाला गुंगी आणायची?

डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या सिरपमध्ये असतं त्या क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रीनच्या मिश्रणाच्या लेबलवर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला लावलंय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन जीव गेले. तेव्हा केंद्रानं परत सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूही नयेत, देऊही नयेत. छिंदवाडा काही फार लांब नाही आपल्यापासून.

मेडिकल_चौकातला
ते एका बॅचचं होतं. पण ठीक आहे, चार वर्षांचा मुद्दा मान्य. लेबलवर आहेच तो.

बीडची_नवी_आई
माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा वीस दिवसांचा. नाक साफ आहे, पण झोपेत मध्येच श्वास थांबवतो. मी मनात पाच-सात आकडे मोजते, मग एकदम भरभर श्वास घेतो. मी रात्रभर बसून राहते. नवरा म्हणतो तुला वेड लागलंय.

रातपाळी_सिस्टर
वेडबिड काही नाही, पहिलटकरणी हेच करतात आणि आमच्या कक्षात नव्यानं आलेल्या नर्सही. पाच ते दहा सेकंद थांबणं, मग थोडे भरभर श्वास, मग नेहमीसारखं, हे तान्ह्या बाळांत झोपेत होतं. मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं व्हायचं असतं. काही महिन्यांत कमी होत जातं. पण थांबणं वीस सेकंदांपर्यंत गेलं, किंवा त्याहून कमी असलं तरी ओठ-जीभ निळी पडली, बाळ ढिलं पडलं, तर ते साधं नाही, ताबडतोब दवाखाना. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हे जास्त होतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि रात्री दोघींनी पाळी लावा, तुम्ही आणि तुमच्या आई. झोप नाही मिळाली तर तुमची तब्येत बिघडेल.

बीडची_नवी_आई
पूर्ण दिवसांचा आहे. निळा पडत नाही. पहिल्या दिवशी तळहात-तळपाय निळसर होते.

रातपाळी_सिस्टर
पहिल्या एक-दोन दिवसांत हात-पाय निळसर दिसू शकतात, ते चालतं. ओठ, जीभ, तोंडाच्या आतला भाग निळा-करडा दिसला तर ते केव्हाही वाईट. सावळ्या लेकरांत अंगाचा रंग फसवतो, म्हणून जिभेकडं बघायचं.

भोकरदनचा_अण्णा
आमच्या नातीची गोष्ट सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. जन्मल्यावर दोनेक आठवड्यांनी श्वास आत घेताना कुंईकुंई आवाज सुरू झाला. उताणी झोपली की जास्त, पालथी मांडीवर घेतली की कमी. सगळे म्हणायचे सर्दी, सर्दी. गावातल्या एका दवाखान्यात दर वेळी वाफेचं मशीन लावायचे, पैसे घ्यायचे, आवाज तसाच. शेवटी घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात नेलं. कानाच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण नाकातून घातली अन् सांगितलं, स्वरयंत्राच्या वरचा भाग मऊ आहे, श्वास घेताना आत ओढला जातो. लॅरिंगोमलेशिया नाव सांगितलं. म्हणाले वजन वाढतंय ना, दूध पिते ना, मग वयानुसार घट्ट होईल. दीड वर्षात आवाज पूर्ण गेला.

रातपाळी_सिस्टर
अण्णा, बरं झालं लिहिलंत. आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना, हे नक्की बघा मंडळी. सुरसुर-फुसफुस नाकाची. आत घेताना कुंई किंवा घर्र, तर घसा-स्वरयंत्र. सोडताना शिट्टीसारखा, तर खालच्या श्वासनलिका. आणि प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा "हं... हं..." आला तर थेट दवाखाना, तिथं मोजत बसायचं नाही. मशीनच्या वाफेबद्दल: साध्या चोंदलेल्या नाकाला तिचा उपयोग नाही. ते मशीन काय औषध आत पाठवतंय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भगुल्यातल्या गरम पाण्याची वाफ तर अजिबात नको, भाजलेली लेकरं मी पाहिलीत. कापूर, मेंथॉलचा बाम दोन वर्षांखाली लावू नका.

अजून एक, क्वचितच दिसतं पण माहिती हवं. काही बाळांच्या दोन्ही नाकपुड्या मागच्या बाजूनं जन्मतःच बंद असतात. ती शांत असताना निळी पडतात अन् रडली की गुलाबी होतात, कारण रडताना तोंड उघडतं. हे सहसा जन्मल्या जन्मल्याच कळतं.

उस्मानाबादी_शेळी
(नाव बदललं तरी शेळी उस्मानाबादीच राहणार, म्हणून आयडी तसाच.) धाराशिवहून. आमचं सिझर झालं, बाळ लगेच काचेच्या पेटीत ठेवलं, श्वास जलद म्हणून. दोन दिवसांनी दिलं. आता पंधरा दिवसांचं आहे. त्याचा पुढं त्रास राहतो का?

रातपाळी_सिस्टर
कळा न येता सिझर झालं की फुफ्फुसातलं पाणी शोषायला वेळ लागतो. बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत श्वास सुटा होतो आणि नंतर त्याचा काही राहत नाही. पण कार्डावर नेमकं काय लिहिलंय ते बघा, मी अंदाजानं सांगतेय. जंतुसंसर्ग होता की नुसतं पाणी, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. ते कार्ड प्रत्येक वेळी सोबत न्या.

चाकणकर_मानवतचा
अपडेट. आशाताई आल्या होत्या. काखेत ९८.१, श्वास ४५, वजन वाढलंय. सलाईनचे थेंब आणले, लेबल वाचून. पहिल्याच वेळी दोन शिंकांत वाळलेला शेंबूड बाहेर, अन् पोरगी न सोडता प्यायली. सासरेबुवा कापूस हलवायला तयार नव्हते, शेवटी बाळंतिणीची बाजच पुढच्या खोलीत गेली. धुरीवर सासूबाई अजून नाराज आहेत, पण पोट बघायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय, दिवसातून चार वेळा मला रिपोर्ट येतो.

एकच, त्या झोळीत झोपवायचं म्हणतात. जुन्या लुगड्याची झोळी बांधलीय आढ्याला. आणि मोहरीची उशी.

आजी_सेलूकर
झोळीत काय वाईट आहे आता?

रातपाळी_सिस्टर
आजी, तुम्ही मला आज सोडणार नाही. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते अन् एवढीशी श्वासनलिका दबते. नाक आधीच चोंदलेलं असेल तर आणखी अवघड. या वयात सपाट, टणक अंथरुणावर उताणं, उशीविना, मोहरीचीही नको. डोक्याच्या आकारासाठी म्हणून देतात ती उशी, पण जागेपणी आपल्यासमोर थोडा वेळ पालथं ठेवलं तरी डोकं गोल होतं. आणि नाक मोकळं व्हावं म्हणून डोक्याखाली दुपट्याची घडी ठेवू नका, मान वाकते.

गोदाकाठची_लेक
मोटारसायकलचं राहिलं. निघायचंच झालं तर?

औंढ्याची_आशा
१०२ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार सरकारीत मोफत आहेत. अगदी गंभीर असेल तर १०८. परभणी, हिंगोलीसारख्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे, २८ दिवसांपर्यंतची आजारी बाळं तिथं ठेवतात. अंबाजोगाई, लातूर, नांदेडला मेडिकल कॉलेजं आहेत. वाटेत बाळाला आईच्या छातीशी लावा, डोकं झाका पण नाक-तोंड उघडं ठेवा. पीत असेल तर पाजा, पीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. गुटी नाही, मध नाही, साखरपाणी नाही. मध तर वर्षाच्या आत नकोच.

अन् दीड महिन्याला लस चुकवू नका. न्यूमोनियाची पीसीव्ही ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना असते. २०२१ पासून सरकारीत फुकट आहे.

वसमतकर
माझा सात महिन्यांचा आहे, त्याला कालपासून सर्दी, थोडा खोकला. आत्ता मोजलं तर ५२ आलं. साठच्या आत आहे म्हणजे ठीक ना?

रातपाळी_सिस्टर
नाही! साठ फक्त दोन महिन्यांच्या आत. दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त म्हणजे जलद. तो शांत होता का? ताप? पोट उडतंय?

वसमतकर
रांगून रांगून नुकताच मांडीवर आला होता. ताप नाही. पोट उडत नाही, पितोय. झोपल्यावर परत मोजतो.

वसमतकर
झोपेत ३६.

रातपाळी_सिस्टर
चांगलंय. रात्रीतून एकदा परत मोजा आणि सकाळी ओपीडीत दाखवून घ्या. आजी, आता तुम्हीसुद्धा झोपा.